सात फूट सात इंच

भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज दिला तेव्हा नगर परिषदेतल्या बांधकाम विभागाच्या साहेबांनी तो दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, “कशाला पाहिजे तुम्हाला हे?”

“घरात राहायला.”

“राहायला कोणी मागत नाही.”

हे खरं होतं. घर मंजूर नकाशाप्रमाणे बांधलं आहे, त्यात राहायला हरकत नाही, असा तो दाखला. आमच्या गावात लोक नकाशा मंजूर करून घेतात, त्याची घडी घालून कपाटात ठेवतात आणि मग हवं तसं बांधतात. दाखला मागायला जाणं म्हणजे आपणहून चौकीत जाऊन ‘माझ्या घराची झडती घ्या’ म्हणण्यासारखं. साहेब नवे होते, पश्चिमेकडून बदलून आलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पर्सकडे पाहिलं आणि अर्ज ठेवून घेतला. माझ्या मनात आलं, आता हा माणूस काहीतरी मागणार.

मी शाळेत लिपिक आहे. चोवीस वर्षं दुसऱ्यांचे दाखले तपासते आहे. जन्मतारखेत खाडाखोड, शिक्क्यावर शिक्का, वडिलांच्या नावाच्या जागी मामाचं नाव, सगळं पाहिलं आहे. त्यामुळे माणूस समोर आला की आधी त्याच्या हातातला कागद बघायचा, ही सवय झाली. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. एका खोलीत भाड्याने राहत होते. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि होळीपर्यंत खोली रिकामी करून द्या म्हणाले. त्यांची चूक नव्हती.

धाकटा भाऊ वडनेर भोलजीला असतो. तो म्हणाला, “ताई, कायले लागतं घराच्या मागं? आपल्याकडं ये ना.” वहिनीने आतली खोली झाडून, चादर घालून तयारही केली. मी जाऊन पाहून आले. खोली चांगली होती. फक्त तिला आतून कडी नव्हती. वहिनीला विचारलं तर हसली, “घरातल्या घरात कडी कायले लागते?” मी परत आले आणि दुसऱ्या दिवशी प्लॉटच्या कागदाची फाईल काढली. पंधरा फूट बाय तीस फूट. नवऱ्याने घेऊन ठेवलेला. मला आतून लावता येईल आणि बाहेरून कुलूप घालता येईल असं एक दार हवं होतं, त्यामागे काय असेल ते असो.

दाखला का हवा, तर नळासाठी. नळजोडणीच्या छापील अर्जात सोबत जोडायच्या कागदांत त्याचं नाव होतं. बाकीचे लोक ती ओळ कशी ओलांडतात ते मला माहीत आहे : कोणाचा तरी कोणीतरी असतो, त्याचा फोन जातो. माझं कोणी नव्हतं. आणि आमच्याकडे बोअरचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. नळ नाही म्हणजे घर नाही.

नकाशा काढून देणारा इंजिनिअर तरुण होता. त्याने सांगितलं, “मॅडम, घर लहान आहे म्हणून नियम लहान होत नाहीत.” राहायची खोली साडेनऊ चौरस मीटरपेक्षा कमी चालणार नाही. तिची रुंदी दोन पॉइंट चार मीटरपेक्षा कमी चालणार नाही. पुढे एवढं मोकळं सोडा, खिडकी एवढी ठेवा. मी त्याच्याकडून नियमांची पानं छापून घेतली आणि घरी बसून वाचली, कारण तो खरं सांगतो कशावरून? खरंच सांगत होता. त्याने खोली दोन पॉइंट चव्वेचाळीस बाय चार मीटर काढली. म्हणजे आठ फूट बाय तेरा फूट एक इंच. मागे स्वयंपाकघर, त्यामागे संडास-बाथरूम. संपलं घर.

मिस्त्री जळगाव जामोदकडच्या एका खेड्यातून बसने यायचे. साठीचे, कानात बिडी अडकवलेली, बोलणं कमी. हात स्वच्छ होता त्यांचा. मी रोज शाळा सुटली की साइटवर जायची. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजायची. लोखंड मोजायची. वाळूच्या ढिगाला चुन्याची रेघ मारून ठेवायची. पर्समध्ये पाच मीटरचा टेप असायचा. मिस्त्रींना ते दिसायचं. एकदा म्हणाले, “बाई, तुम्ही शाळेत पोरायचे खिसेबी तपासता का?”

“वेळ आली तर तपासते.”

“हाव, वाटलंच.”

मधे दहावीच्या फॉर्मची गडबड सुरू झाली आणि मला आठ दिवस साइटवर जाता आलं नाही. गेले तेव्हा खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत उभी होती. नकाशात ती चार इंची होती. मिस्त्रींनी नऊ इंची घातली होती.

“ही जाड काऊन?”

“मजबुतीले.”

मी ती भिंत थोपटून पाहिली. ज्याला चोरायचं तो जास्त विटा कशाला लावेल? माझा संशय नेहमी कमी दिलेल्या मालावर असतो. कोणी जास्त दिलं तर तिकडे मी बघतच नाही. इथे मी चुकले. त्या दिवशी टेप पर्समध्येच राहिला.

घर पूर्ण झालं. मी अर्ज दिला. साहेब पाहणीला आले तेव्हा होळीला पाच आठवडे होते.

ते आत शिरले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, “तुमचा मोबाइल खिडकीत ठेवता का? पालथा.”

मी ठेवला. मनात म्हटलं, आलं आता.

“पर्सही तिथेच ठेवा.”

ठेवली. साहेबांनी दार सताड उघडं करून त्याला वीट लावली. रस्त्यावरून शेजारचे निवृत्त तलाठी चालले होते, त्यांना हाक मारून म्हणाले, “काका, जरा थांबता का इथे? सरकारी मोजणी आहे.” मग खिशातून लेझरचं छोटं यंत्र काढलं, भिंतीला टेकवलं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला.

“दोन पॉइंट एकतीस.”

“चव्वेचाळीस,” मी म्हणाले.

“एकतीस.” त्यांनी यंत्र माझ्यासमोर धरलं. मग दुसऱ्या टोकाला, मग मधे. सगळीकडे एकतीस. “रुंदी कमी, क्षेत्रफळही कमी. हा दाखला देता येणार नाही.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पुढचं वाक्य येईल म्हणून वाट पाहत होते. ते माझ्या हातांकडे बघत होते. मग साहेब मोठ्याने, जणू मैदानात भाषण करत असल्यासारखे म्हणाले, “माझी काहीही मागणी नाही. हे काकांच्या समोर सांगतो. खोली नियमात बसवा, पंधरा दिवसांत कळवा, मी पुन्हा येईन.” आणि निघाले.

तलाठी काका हसू दाबत उभे होते. “त्यायले वाटलं तुम्ही सापळा लावला. दाखला मागणारं मानूस त्यायनं पह्यल्यांदाच पाह्यलं असन.”

म्हणजे तो माणूस मला भीत होता. मला जरा राग आला आणि जरा बरंही वाटलं. पण पाच इंच गेले कुठे, हा प्रश्न तसाच होता. तलाठी काका तेव्हा तिथे उभे होते म्हणून पहिला संशय त्यांच्यावर घेतला. आयुष्यभर जमिनी मोजल्या आहेत, माझ्या प्लॉटमध्ये सरकले असतील. ते गेल्यावर बाहेरून टेप लावला. पंधरा फूट पुरे, तीस फूट पुरे. मग इंजिनिअरवर. नकाशा उलगडून जमिनीवर पसरला, स्केलने मोजला. बरोबर. मग आतून टेप लावला. सात फूट सात इंच. जाड भिंत स्वयंपाकघराच्या बाजूला अजिबात सरकली नव्हती. सगळी जाडी खोलीच्या बाजूने आली होती.

स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गिलावा केलेला नव्हता. तिथे वाकून भिंतीची जाडी मोजत होते तेव्हा कॉलमवर तांबड्या पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. वर ९६, १५७, पुढे शून्य. ते खोडलेलं. खाली ९१, १५७, पुढे सात. त्याखाली दोन रेघा.

मला वाटलं, सापडला. विटांचा हिशोब. शहाण्णवच्या जागी एक्क्याण्णव लावल्या. फोन केला आणि मिस्त्रींना सकाळच्या पहिल्या बसने बोलावलं.

आले. ओट्याखाली वाकून पाहिलं, सरळ झाले आणि बिडी कानातून काढून परत कानात ठेवली.

“हा विटांचा हिशोब आहे?”

“विटांचा कायचा? आय आहे तो.”

“काय आय?”

“बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. खोलीची लांबी-रुंदी इंचात घ्याची. गुनाची. आठानं भागाची. बाकी उरते तो घराचा आय. एक उरला ध्वज, तीन सिंह, पाच बैल, सात हत्ती. हे चांगले. दोन धूर, चार कुत्रं, सहा गाढव. नाई उरलं तं कावळा.”

“मग?”

“मंग काय मंग? तुमच्या इंजिनेरनं मीटरमंधी काढलं. त्याले काय मालूम? आठ फूट रुंदी धरली का लांबी काईबी घ्या, शून्यच येते. कावळ्याच्या घरात मानूस टिकते का?”

“मी एकटीच आहे. टिकायचं कोणी?”

“तेच तं म्हनून राह्यलो.” माझ्याकडे न बघता म्हणाले. “म्हनून भित जाड घेतली. सात उरले. हत्ती.”

मी हिशोब केला. शहाण्णव गुणिले एकशे सत्तावन्न, भागिले आठ. बाकी शून्य. एक्क्याण्णव गुणिले एकशे सत्तावन्न, बाकी सात. गणित बरोबर होतं. एक वीटही चोरीला गेली नव्हती. उलट माझ्यावर विटा उधळल्या होत्या.

“मला विचारलं का नाही?”

“इचारलं असतं तं तुम्ही लेखी मागतलं असतं.”

मागितलंच असतं.

“किती वर्षं करता हे?”

“मिस्त्री झालो तवापासून. मालकाले सांगाचं नसते. सांगतलं का तो कोनाले तरी इचारते, मंग दहा तोंडं. आपण आपलं गुपचूप बसवून द्याचं.”

“या गल्लीत अशा किती खोल्या आहेत?”

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तलाठी काकांचं घर, पुढचं, त्याच्या पुढचं. “मोजल्या नाईत. पन आठाच्या सगळ्याच.” मग थोड्या अभिमानाने, “कावळा एकबी नाई.”

म्हणजे अर्धी गल्ली नियमाबाहेर होती आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण दाखला कोणी मागितलाच नव्हता. मी उभ्या उभ्या सांगितलं, “ही भिंत पाडा. नकाशाप्रमाणे चार इंची घाला.”

“पाडतो. चूक माही हाय, मजुरी नको. विटा निघतीन त्याच लावू. पन बाई, आठाचा कावळा माह्या हातानं होनार नाई. त्याले दुसरा मिस्त्री पाहा.”

मी दुसरा मिस्त्री पाहिला. चार पाहिले. लग्नसराईच्या आधी प्रत्येकाला आपलं घर उरकून हवं होतं, त्यात घरकुलांची कामं. एकाने सांगितलं, पाडव्यानंतर. दुसऱ्याने सांगितलं, मिस्त्रींनी घातलेली भिंत मी तोडणार नाही, ते माझे गुरू. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. चौथा आला, भिंतीला हात लावला, आणि म्हणाला, “यायनं हत्ती काढला ना? मंग कायले मोडता?” मी त्याला कोणी सांगितलं ते विचारलं नाही.

घरमालकाने तोवर खोलीला रंग द्यायला पेंटर बोलावला होता. तो रोज येऊन माझ्या कपाटाच्या मागची भिंत कधी मोकळी होणार ते विचारायचा. भावाचाही फोन आला. “टेम्पो सांगू का ताई? तुह्या वहिनीनं कपाटाची जागा केली.” मी म्हटलं, आठ दिवस थांब. त्याने आतल्या खोलीला कडी लावून देतो असंही सांगितलं. त्याच्या आवाजावरून कळलं की वहिनीला ते सांगायचं अजून राहिलं होतं.

रविवारी शाळेतल्या रद्द झालेल्या परिपत्रकांचे कागद घेऊन बसले. मागची बाजू कोरी असते. साहेबांचा नियम एका बाजूला लिहिला : रुंदी दोन पॉइंट चारच्या खाली नाही. म्हणजे साडेचौऱ्याण्णव इंच. मिस्त्रींचा नियम दुसऱ्या बाजूला : बाकी एक, तीन, पाच किंवा सात. चार इंची भिंत घातली तर खोली शहाण्णव होणार, तो कावळा. लांबी हलत नव्हती, एकशे सत्तावन्न. मग पंचाण्णव धरले. पंचाण्णव गुणिले एकशे सत्तावन्न. चौदा हजार नऊशे पंधरा. भागिले आठ. बाकी तीन.

पुन्हा केलं. तीनच. मग क्षेत्रफळ काढलं. साडेनऊच्या वर. एकदा इंजिनिअरला फोन करून तेही पडताळलं. तो म्हणाला, “मॅडम, पंचाण्णवच का?” मी म्हटलं, “तुम्ही हो की नाही ते सांगा.” तो हो म्हणाला.

माझा आयावर विश्वास नाही. पण ज्याच्या हातात थापी आहे त्याचा आहे, आणि मला घर हवं होतं.

सोमवारी सकाळी मिस्त्रींसमोर कागद धरला. त्यांनी तो घेतला नाही. “बाकी बरोबर काढली कायवरून?”

“शाळेत रोज काढते.”

“शाळेतल्यावर माहा भरोसा नाई.” खिशातून तांबडी पेन्सिल काढली, एक वीट मांडीवर घेतली आणि तिच्यावर गुणाकार मांडला. सावकाश. हातचे बोटांवर. मधे एकदा चुकले, मी तोंड उघडलं, त्यांनी पेन्सिल वर करून मला गप्प केलं. चूक आपली आपण शोधली. शेवटी भागाकार केला आणि तिनाभोवती गोल काढला.

“सिंह.”

“चालतो?”

“सिंह कोनाले नाई चालत?” मग विटेकडे पुन्हा पाहिलं. “बाईमानसाले जरा जड जाते म्हंतात. पन तुम्हाले नाई जानार.”

“एक इंच कमी कसा करणार?”

“दोन्ही भितींले अर्धा अर्धा इंच गिलावा जास्त. त्यात काय?”

दुसऱ्या दिवशी भिंत पाडली. चौकट सोडवून बाजूला ठेवली. चार इंची भिंत चढली, वरचा बीम तिच्या बाहेर डोकावू लागला, दिसायला वाईट. मिस्त्री म्हणाले, “हे इंजिनेरचं.” गिलावा करताना मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि टेप घेऊन उभी राहिले. जास्तीचा अर्धा इंच पाऊण झाला तर साहेबांचा नियम मोडणार नव्हता, पण मिस्त्रींचा मोडणार होता, आणि मग ते पुन्हा काहीतरी गुपचूप बसवून देतील याची मला खात्री होती. ते खालच्या बाजूने रंधा फिरवत होते, मी वरच्या बाजूने टेप लावत होते. दोघंही एकमेकांचा आकडा मोठ्याने वाचत होतो आणि दोघंही दुसऱ्याचा आकडा पुन्हा मोजत होतो. तलाठी काका दारात येऊन बघून गेले. जाताना हळूच विचारलं, “आमच्या खोलीचा कोनता निंगाला होता हो मिस्त्री?”

“हत्ती.”

“आनि मापात बसते का ते?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “काका, तुम्ही अर्ज करू नका.”

साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा मी आपणहून मोबाइल पालथा ठेवला, पर्स ठेवली, दाराला वीट लावली. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना आणखीच शंका आली असावी, कारण या वेळी त्यांनी सोबतच्या शिपायालाही आत घेतलं. लाल ठिपका पडला.

“दोन पॉइंट एक्केचाळीस.”

त्यांनी नकाशा उघडला. “नकाशात चव्वेचाळीस आहे.”

“नियम दोन पॉइंट चारचा आहे.”

“ते ठीक. पण सगळी भिंत नव्याने घातलीत, तर चव्वेचाळीस का नाही केलं?”

“गिलावा जाड झाला.”

“दोन्हीकडून सारखाच?”

“हो.”

त्यांनी यंत्र तीन ठिकाणी लावलं. तिन्हीकडे एक्केचाळीस. एवढा सरळ गिलावा आमच्या गावात चुकून होत नाही हे त्यांनाही कळत होतं. “मुद्दाम केलाय तुम्ही.”

“मुद्दाम केलाय.”

“कशासाठी?”

मी सांगितलं असतं तर त्यांनी गल्लीतल्या बाकीच्या घरांचं काय ते विचारलं असतं. “नियमात बसतंय ना?” एवढंच मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कुठेतरी काहीतरी आहे, पण काय ते सापडत नाही, अशा वेळी मी स्वतः ज्या नजरेने शाळेत पालकांकडे बघते तशीच ती नजर होती. मग त्यांनी खिडक्या मोजल्या, संडासाचं दार उघडून पाहिलं, पुढची मोकळी जागा मोजली. कुठेही काही कमी पडलं नाही. शिपायाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली.

दाखला हातात आला तेव्हा होळीला चार दिवस होते. नगर परिषदेच्या पायरीवर उभी राहून तीनदा वाचला. नाव बरोबर, प्लॉट नंबर बरोबर, शिक्का पूर्ण उमटलेला. चूक सापडली नाही म्हणून चौथ्यांदा वाचला. मग तसाच पाणीपुरवठ्याच्या खिडकीत नेला.

खिडकीतल्या माणसाने अर्ज घेतला, कागद चाळले आणि दाखल्यापाशी थांबला. “हे काय?”

“भोगवटा प्रमाणपत्र. तुमच्या यादीत चौथ्या नंबरला आहे.”

त्याने यादी काढून पाहिली. होतं. “असं असते का ते?” म्हणाला, आणि शेजारच्या टेबलावर दिलं. तिथल्या बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि मागच्या टेबलावर दिलं. तिथून ते आतल्या खोलीत गेलं. आतून कोणीतरी म्हणालं, “आन तं इकडं, पाहू.”

मी खिडकीच्या गजांतून आत हात घातला. “पाहून झालं की परत द्या. मूळ प्रत आहे. तुम्हाला झेरॉक्स जोडली आहे.”

“देतो ना बाई. खाऊन राह्यलो का?”

“तेवढी पोच लिहून द्या, अर्ज मिळाला म्हणून. तारीख टाका. नळ शनिवारपर्यंत जोडता ना?”

“शनिवारी मानूस पाठवतो.”

“ते पोचेवर लिहा.”

त्याने लिहिलं. दाखला आतून परत आला, कोपऱ्याला चहाचं बोट लागलेलं. मी पुसला, उलटसुलट पाहिला, तोच आहे याची खात्री केली आणि भावाला फोन लावला. टेम्पो रविवारी आण म्हटलं, वडनेरला नाही, इकडेच.